कडा कच्च्या, मध्य घट्ट

दि. ४, बुधवार

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

मामी, हे वाचून दाखवायच्या आधी तुम्ही खुर्ची ओढून बसा. पत्र लांब आहे, आणि ज्याला ते ऐकायचंय तो काही चौदा दिवस कुठे जाणार नाही.

मामा, ऑपरेशन पार पडल्याचं आईनं कळवलं. डोळ्याचा मागचा पडदा सुटला होता, तो डॉक्टरांनी जागेवर बसवला आणि तिथेच चिकटावा म्हणून डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडलाय, असं तिनं अगदी मास्तरणीसारखं समजावून लिहिलंय. बुडबुडा वरच जाणार, म्हणून तू तोंड खाली करून पडायचं, म्हणजे तो बरोबर पडद्याला दाबून धरेल. मान वर केलीस की बुडबुडा सरकला. दुसरा डोळा लहानपणापासून नुसता नावाचा, तेव्हा आहे तो हाच, हे तिनं दोनदा लिहिलंय. वाचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. चौदा दिवस पालथं पडायचं, आणि ते तू! तुला चौदा मिनिटं एका जागी बसलेलं मी पाहिलेलं नाही. मला सगळे भिंगरी म्हणतात, पण ही भिंगरी कोणाच्या बेकरीत फिरायला शिकली ते कोणी बोलत नाही.

फोनच करणार होते. पण तो खाली बेकरीत, आणि वाजला की तू जिन्याकडे धावतोस, म्हणून मामींनी त्याची वायर काढून लपवलीय म्हणे. बरं केलं. आमच्या कारखान्याची गाडी रोज बाटल्या घेऊन तुमच्या गावच्या डेअरीत येते. ड्रायव्हरकाका पत्र दारात टाकतील आणि उत्तर असलं तर परत घेऊन येतील.

आता माझं रडगाणं. दोन वर्षांत ही चौथी नोकरी, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणते. काचेच्या कारखान्याचं कॅन्टीन आहे. भट्टीवरून सुटलेली माणसं घामानं निथळत येतात आणि दर शनिवारी सकाळी त्यांना भाजलेल्या अंड्यांचा मोठा ट्रे लागतो. अंडी, दूध, चीज, हॅमचे तुकडे आणि भाज्या. चौकोनी तुकडे कापून वाढतात म्हणून त्याला सगळे नुसतं 'चौकोन' म्हणतात. तो करणाऱ्या बाई निवृत्त झाल्या आणि कृती डोक्यातच घेऊन गेल्या. आमच्या मुख्य स्वयंपाकीणबाई एक घड्याळ मनगटावर आणि एक एप्रनवर लावतात, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात घड्याळबाई म्हणते. त्यांनी सांगितलंय की चौदा तारखेपर्यंत चौकोन जमला तर मी कायम.

गेल्या शनिवारी मी चोवीस अंडी फेटली, अर्धा लिटर दूध घातलं, कांदा, ढोबळी मिरची, पालक, मशरूम आणि हॅम कापून टाकलं आणि ट्रे ओव्हनमध्ये लोटला. पाऊण तासानं बाहेर काढला तर सगळीकडे पाणी. एका फोरमननं शांतपणे विचारलं, बाई, बाटल्या आपल्याच आहेत, भरून देऊ का? मला तिथल्या तिथे एप्रन काढून निघून जावंसं वाटलं. सांग, काय चुकलं?

डोळा सांभाळ. लोभ आहेच, तो पालथं पडूनही असू द्यावा.

तुझी,
भिंगरी


दि. ५, गुरुवार

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

मी सांगतोय आणि मामी लिहितेय, तेव्हा शुद्धलेखनाला मी जबाबदार नाही. (हे पहिलंच वाक्य चार वेळा बदललं. – मामी)

मी मजेत आहे. मामीनं जुन्या गादीला मधोमध भोक पाडलंय, त्यात तोंड घालून पडायचं. डोळ्यावर पट्टी, त्यामुळे फरशी बघायचीही सोय नाही. खाली कारागीर पाव भाजतात तो वास तेवढा वर येतो. काल वास थोडा पुढे गेला होता, म्हणजे पाव करपला होता, आणि मी इथून ओरडून सांगितलं. (ओरडून नाही. उठून, जिन्याच्या चार पायऱ्या उतरून. – मामी)

आता तुझा ट्रे. अगं, भाज्यांत पाणी असतं हे काय मी सांगायचं? पालक आणि मशरूम तर पाण्याचेच बनलेले. आधी कांदा, मिरची, मशरूम मोठ्या कढईत परत, पाणी सुटू दे, आटू दे, पुन्हा तळाला चिकटायला लागेपर्यंत थांब. पालक वेगळा उकळत्या पाण्यातून काढ आणि मुठीत घेऊन पीळ, दया दाखवू नकोस. हॅमही कोरडं परतून घे, त्यातूनही पाणी निघतं. सगळं गार झाल्यावरच अंड्यात घाल, नाहीतर अंडी तिथेच शिजायला लागतील. मीठ जपून, कारण हॅम आणि चीज दोन्ही खारट. ओव्हन मध्यम, एकशे साठ. कडा फुगून घट्ट झाल्या आणि मधोमध हात लावला की जरा थरथरलं, की काढ. बाहेर दहा मिनिटं ठेव, ते स्वतःच्या उष्णतेनं बसतं.

आणि मुख्य म्हणजे ओव्हनचं दार उघडू नकोस. मला माहीत आहे, तू पाच वेळा उघडलं असशील. लहानपणी माझ्या भट्टीचं उघडायचीस तसं.

दुसरा ट्रे कसा होतो ते लगेच कळव. मला इथे विचार करायला काहीतरी हवंय.

आशीर्वाद आहेतच, पण ते खाली तोंड करून दिलेत, म्हणून जरा उशिरा पोचतील.

तुझा,
मामा


दि. ५, गुरुवार, वेगळा कागद

चि. भिंगरीस,
अ. आ.

हे त्यांना न सांगता लिहितेय. तुझं पत्र वाचलं आणि हे सगळी संध्याकाळ लाकडासारखे पडून राहिले. मध्येच पुटपुटले की पालक, पालकातच आहे पाणी. त्यांना वाटलं मी झोपलेय. त्याआधी तीन दिवस दर अर्ध्या तासाला उठत होते. पाणी हवंय, बाथरूमला जायचंय, कारागिरांनी पीठ नीट मळलंय का बघायचंय. मी रागावले, रडले, काही उपयोग नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलंय की हे चौदा दिवस नीट गेले नाहीत तर पडदा पुन्हा सुटेल आणि मग काही करता येणार नाही. डोळा गेला तर बेकरी गेली, आणि बेकरी गेली तर या माणसाचं काय उरेल ते मला माहीत नाही.

तेव्हा माझं ऐक. तुझा ट्रे बिघडत राहू दे. म्हणजे खरा नको, पत्रात. दर दोन दिवसांनी काहीतरी अडचण लिहीत जा, त्यांना सोडवायला मिळाली की ते पडून राहतील. खोटं लिहायला सांगतेय, मला कळतंय. पण दुसरा उपाय सुचत नाही.

तुझी,
मामी


दि. ७, शनिवार

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

मामा, पाणी गेलं! पण आता नवीन संकट. चौकोन इतका खारट झाला की पहिल्या बाकावरच्या माणसांनी तांबे भरभरून पाणी प्यायलं आणि दुसऱ्या बाकानं ते पाहून ताटच घेतलं नाही. घड्याळबाईंनी दोन्ही घड्याळांकडे बघितलं. मी मीठ अगदी चिमूटभर घातलं होतं, शपथ. मग खारटपणा आला कुठून? आणि वरचा भाग पिवळाधमक असताना आतून मशरूमच्या रंगानं सगळं राखाडी का झालं? नीट विचार करून सांग, घाईनं नको.

तुझ्यासारखंच मलाही एका जागी बसवत नाही. हे पत्र लिहिताना मी तीन वेळा उठले. पण तू उठू नकोस हं.

लोभ आहे, त्याला मीठ कमी पडू देऊ नये.

तुझी,
भिंगरी

(मामी, हा खालचा तुकडा फाडून घ्या. चौकोन अप्रतिम झाला. माणसं दुसऱ्यांदा मागायला आली आणि तो फोरमन म्हणाला की आता बाटल्यांची गरज नाही. मामाला हे सांगता येत नाही याचं इतकं वाईट वाटतंय की काय सांगू. पण तुमचं बरोबर आहे. लिहीत राहीन.)


दि. ९, सोमवार

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

खारटपणा हॅममधून आलाय, दुसरीकडून येणारच नाही. तुमचं हॅम कुठल्या प्रकारचं आहे? जास्त खारवलेलं असेल तर परतण्याआधी गरम पाण्यात दहा मिनिटं ठेव आणि पाणी फेकून दे. राखाडी रंगात मशरूमचा दोष नाही, तू ती बारीक चिरलीस म्हणून रंग सुटला. मोठ्या फोडी कर. (काल दिवसभर एकदाही उठले नाहीत. जेवतानासुद्धा मान खाली. – मामी)

मला इथे पडल्या पडल्या तुझं कॅन्टीन दिसायला लागलंय. तुझी ती दोन घड्याळवाली बाई, तो बाटल्यावाला फोरमन. पट्टीच्या मागे एवढं दिसतंय, तर पट्टी सुटल्यावर किती दिसेल.

पुढचा ट्रे शनिवारी की मध्ये एखादा करणार आहेस? मध्ये कर. सरावाला.

पडून पडून माझ्या आशीर्वादांना मुंग्या आल्यात, तरी ते घे.

तुझा,
मामा


दि. १०, मंगळवार

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

काल ऑफिसच्या लोकांसाठी छोटा ट्रे केला. मामा, हे मला मुळीच कळलेलं नाही. तू सांगितलंस तसंच सगळं केलं, एकशे साठवर चाळीस मिनिटं, दार एकदाही उघडलं नाही. आणि काढला तर मधला भाग अगदी घट्ट आणि कडा कच्च्या! चारी बाजूंनी अंडं वाहतंय आणि मधोमध सुरीही जाईना. असं कसं होईल? घड्याळबाईसुद्धा म्हणाल्या की त्यांनी असं कधी पाहिलं नाही. तू तर कधी पाहिलं असशील ना?

आता सहाच दिवस उरलेत. मी इथे भिंतीवर रेघा मारतेय, तुझ्या डोळ्याच्या. त्या मोजल्याशिवाय मला कामाला लागवत नाही.

लोभ आहेच, कडेनं कच्चा असला तरी मधून घट्ट.

तुझी,
भिंगरी


दि. १२, गुरुवार

चि. भिंगरीस,
अ. आ.

काय लिहू. तुझं पत्र काल सकाळी वाचलं.  हे म्हणाले की असं होऊच शकत नाही, कडा आधी शिजतात, कुठल्याही भट्टीत आधी कडाच शिजतात. दुपारपर्यंत तेच. मी औषधं आणायला बाहेर पडले, अर्ध्या तासात येते म्हणून. दुकानात रांग होती, सव्वा तास लागला.

परत आले तर पलंग रिकामा. खाली गेले तर हे भट्टीसमोर उभे, मान खाली घातलेली, डोळ्यावर पट्टी, हातात ट्रे. तू लिहिलंस तसंच करून बघत होते. कारागिरांना सांगून अंडी फोडून घेतली होती, भाज्या स्वतः हातानं चाचपून परतल्या होत्या. कारागीर म्हणतात, त्यांनी अडवलं, पण तीस वर्षांपासूनचा मालक, किती अडवणार. तासाहून जास्त वेळ उभे होते. भट्टीची धग तोंडावर घेत.

 हाताला धरून वर नेलं, पालथं निजवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. दोष तुझा नाही, मीच तुला सांगितलं. पण भिंगरी, तू एवढी पाव भाजताना बघितलेली मुलगी, कडा कच्च्या कशा लिहिल्यास गं?

त्याहून मोठी काळजी वेगळीच आहे. कालपासून हे काहीच बोलत नाहीत. उठत नाहीत, काही मागत नाहीत. तुझ्या ट्रेबद्दलही विचारत नाहीत. मला वाटतं, आपण काय करून बसलो हे त्यांच्या लक्षात आलंय आणि त्यांनी आशा सोडलीय. सोळा तारखेला डॉक्टर पट्टी काढतील. तोपर्यंत मला श्वास घेता येणार नाही.

तुझी,
मामी


दि. १४, शनिवार

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

मामी, हे मोठ्यानं वाचा. एकही शब्द गाळू नका.

मामा, साठ माणसांचा ट्रे आत्ता ओव्हनमध्ये गेला. आठ वाजून दहा मिनिटं झालीत. आज माझा शेवटचा दिवस आहे, म्हणजे ठरवण्याचा. घड्याळबाई दाराशी उभ्या आहेत. मला दार उघडू नये म्हणून हात कशात तरी गुंतवायचेत, म्हणून लिहितेय. खरं तर मला आज चौकोनाचं काही पडलेलं नाही.

मी खोटं लिहिलं. पहिला ट्रे खरंच बुडाला होता, तेवढंच खरं. सात तारखेला केलेला छान झाला होता, जरासुद्धा खारट नव्हता. सोमवारचा ट्रे तर केलाच नाही. मला सुचत नव्हतं काय बिघडवावं. खोलीवर खाटेत बसले होते, तुला लवकर काहीतरी पाठवायचं होतं, मन नुसतं सैरभैर, आणि जे हाताला लागलं ते लिहून टाकलं. कडा कच्च्या आणि मध्य घट्ट. एक क्षण थांबून विचार केला असता तर मलाच हसू आलं असतं. पण थांबणं आपल्या रक्तातच नाही ना. मी न थांबता लिहिलं, तू न थांबता खाली गेलास. तुला पडून राहता यावं म्हणून लिहिलं आणि त्यानंच तुला उठवलं.

मामींवर रागावू नकोस. त्यांनी रडत रडत सांगितलं होतं. राग माझ्यावर काढ. आणि काहीतरी बोल मामा. तू बोलत नाहीस हे कळल्यापासून रात्री झोप नाही, दिवसा कामात लक्ष नाही. कालपासून माझी पिशवी भरून तयार आहे. ती घेऊन तुमच्याकडे यावं की अजून लांब कुठे जावं ते कळत नाही. नोकरी सोडून जाताना मला कधी अपराधी वाटलेलं नाही, पण तुझ्या जिन्याखालून तोंड लपवून जायला मला जमणार नाही.

आठ वाजून बावन्न. घड्याळबाईंनी स्वतः दार उघडलं. कडा फुगून घट्ट, मध्य थरथरतोय. आता दहा मिनिटं टेबलावर. ही दहा मिनिटं मी खुर्चीत बसून काढली, कोणी सांगितल्याशिवाय. बाईंनी एप्रनवरचं घड्याळ काढलं आणि माझ्या एप्रनला लावलं. 

सोळाला मामींनी जे काय असेल ते लिहावं. वाईट असेल तर तेही.

लोभ असावा असं लिहायचा हक्क या पत्रापुरता राहिलेला नाही, तरी लिहिते.

तुझी,
भिंगरी


दि. १७, मंगळवार

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

हे मी स्वतः लिहितोय. अक्षराला हसू नकोस.

काल डॉक्टरांनी पट्टी काढली. पडदा जागेवर आहे. बुडबुडा अजून अर्धा आहे, खालच्या बाजूला पाण्यासारखी रेघ हलते आणि तिच्या वरच्या भागातून तेवढं दिसतं. म्हणून कागद भिंतीला उंचावर चिकटवून, मान सरळ ठेवून लिहितोय आणि शाई हातावर ओघळतेय. सरळ रेघा वाकड्या दिसतात. त्या तशाच राहतील की सुधारतील, ते डॉक्टरही सांगत नाहीत. मामीनं सगळ्यात आधी तुझी पत्रं समोर धरली. मी म्हणालो की ओळी सगळ्या वाकड्या दिसतायत. तर ती म्हणाली, त्या मुळातच वाकड्या आहेत, डोळ्याला बोल लावू नका.

आता अकरा तारखेचं सांगतो, जे मामीलाही अजून माहीत नाही.

मी खाली गेलो, कारण तू लिहिलंस ते होऊ शकत नव्हतं, आणि न होणारी गोष्ट कुठेतरी झाली असेल तर मला ती बघितल्याशिवाय चैन पडणार नव्हतं. तू सांगितलंस तशीच मापं घेतली. एकशे साठ, चाळीस मिनिटं. डोळ्यांनी काही दिसत नव्हतं, म्हणून ट्रे काढल्यावर बोटांनी बघितलं. कडा घट्ट. मध्य थरथरता. जसा व्हायला हवा तसाच.

तेव्हा कळलं की तू खोटं लिहितेयस. मग खारट ट्रेही खोटा, राखाडी रंगही खोटा. आणि का, ते कळायला मला ट्रे गार व्हायची वाट बघावी लागली नाही.

आधी चिडलो. मग एक चौकोन तोडून तिथेच उभ्याउभ्या खाल्ला. चांगला झाला होता, हॅम जरा कमी. खाताना रडू आलं. मान खाली असली की पाणी गालावर येत नाही, सरळ फरशीवर पडतं, हे त्या दिवशी समजलं. दोन वर्षांत चार नोकऱ्या करणारी, एका पाटावर दोन मिनिटं न बसणारी माझी भाची माझ्यासाठी एका जागी बसून न बिघडलेले ट्रे पत्रात बिघडवत होती. तू बसू शकत असशील, तर मी पडू शकतो. मामी वर घेऊन गेली, आणि त्यानंतर पाच दिवस मी हललोसुद्धा नाही.

बोललो नाही ते आशा सोडली म्हणून नाही. बोललो असतो तर मला कळलंय हे मामीला कळलं असतं, तिनं तुला कळवलं असतं आणि तुझी पत्रं थांबली असती. मला ती थांबायला नको होती.

शनिवारचं पत्र मामीनं वाचायला घेतलं आणि मध्येच थांबली. मी म्हटलं, पुढे वाच, ट्रेचं काय झालं?

पिशवी रिकामी कर. कपडे खुंटीला अडकव. आणि इथून पुढे दर आठवड्याला पत्र लिही. ट्रे चांगला झाला तरी बिघडला म्हणूनच लिही.

आशीर्वाद या वेळी मान वर करून देतोय, म्हणजे लवकर पोचतील.

तुझा,
मामा